पाठमोरा

१

रविवारी सकाळी न्हाणीतून आला की सुदर्शन आखूड चड्डीवर ओसरीत उभा राहायचा आणि स्नेहल गळ्यातली टेप काढून त्याची मापं घ्यायची. दंड, छाती, कंबर, मांडी, पोटरी. ती आकडा म्हणायची आणि तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि अवसरी बुद्रुकच्या त्या घरात हा नेम कधी चुकला नव्हता. चुलीपुढे अंडी उकडत बसलेली बयाबाई, म्हणजे सुदर्शनची आई, आतूनच विचारायची, "वाढला का गं?" गोठ्यातल्या वासराची चौकशी करावी तसं.

स्नेहलचं मंचरच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. बायकांचे ब्लाउज शिवण्यात तिचा हात बसलेला. सुदर्शन दिवसा दूध शीतकरण केंद्रावर कॅन उतरवायचा आणि संध्याकाळी धर्माजीच्या जिममध्ये लोखंड उचलायचा. शरीरसौष्ठवात दोन वेळा तो तालुक्याचा 'श्री' झाला होता. आता २००४ च्या फेब्रुवारीत जुन्नरला जिल्ह्याची स्पर्धा होती. पाच आठवडे उरले होते.

त्या रविवारी तिने छातीला टेप लावली. सत्तेचाळीस.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"सोडलाय की. काल धर्माजी म्हनत व्हता, पाठ अजून रुंद पायजे. जुन्नरला पिंपरीची पोरं येनार, ती लई तयारीची असत्यात. त्यांच्यापुढं आपली पाठ दिसली पायजे."

तो बोलत राहिला आणि स्नेहल टेपेकडे बघत राहिली. माप देताना बाया गप्पा मारतात, तेव्हा टेप बोटांत अर्धा-अर्धा इंच मागेपुढे होत राहते. त्यातून नेमका आकडा धरायचा, हेच शिंप्याचं कसब. सुदर्शनने चार वाक्यं बोलून संपवली, पण टेप तसूभरही हलली नाही. तिने तळवा त्याच्या बरगडीवर ठेवला. दगडी उंबऱ्यावर ठेवावा तसं वाटलं.

"काय झालं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "सत्तेचाळीस लिवा."

२

स्नायू आवळलेला असेल, तिने स्वतःला समजावलं. एवढी कसलेली छाती ब्लाउजचं माप देणाऱ्या बाईसारखी थोडीच हलणार? स्नेहल बारावीपर्यंत शिकलेली होती आणि नवस-अंगाऱ्यात ती पडत नसे. तिला दिसत होतं ते साधं होतं आणि तेच वाईट होतं. नवऱ्याची लघवी चहासारखी काळपट झाली होती. पाठीवर फोड आले होते. जिना चढताना तो मधेच थांबायचा आणि चपलेत खडा गेल्यासारखं करायचा. स्पर्धा जवळ आली तसं मीठ बंद झालं, मग पाणी मोजून आलं. शिवाय दर तिसऱ्या दिवशी धर्माजी त्याला सुई टोचायचा.

एका दुपारी ती दुकानातून लवकर परतली तर सुदर्शन खाटेवर झोपला होता. चेहरा पार गळालेला, तोंड उघडं. पण अंग झोपलं नव्हतं. दंड सावकाश वर आला, कोपरात वाकला, फुगला आणि तसाच थांबला. मग दुसरा. मांडीवरचे पट्टे एकेक करून उठले. स्टेजवर पंचांपुढे घेतात त्या सगळ्या पोज ओळीने झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. चेहऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

पाणी तोडलं की पेटके येतात, ती मनात म्हणाली. पेटकेच आहेत. पण पेटके ओळीने येतात का, हा प्रश्न तिने तिथेच दाबला आणि गावोगाव प्रवासी भरून नेणारी वडाप जीप पकडून तशीच मंचरला धर्माजीकडे गेली.

जिम म्हणजे जुनी कांद्याची वखार. पुढच्या भागात धर्माजी टेबल टाकून बसायचा आणि मागे लोखंड. ती आली तेव्हा मागून आवाज येत होता. बार वर जायचा, खाली यायचा, स्टँडला टेकून खण्ण वाजायचा. वर, खाली, खण्ण. त्यात माणसाचं कण्हणं नव्हतं, दम खाणं नव्हतं.

"सुयांमधे काय असतं?" तिने सरळ विचारलं.

धर्माजी पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी घालणारा. पोरांवर त्याचा जीव होता हे खोटं नव्हतं. "कोर्स आसतो, वैनी. जनावरालाबी आपन टॉनिक देतोच की."

"जनावराला देताना डॉक्टर असतो बरोबर. तो किती द्यायचं ते सांगतो, अन् जनावर आजारी पडलं तर येतो."

"सगळेच घेत्यात. न घेता त्या स्टेजवर कोन उभा राहतो, मला दाखवा." तो हसला. "अन् तक्रार कुनाची हाय? तुमचा नवरा सकाळधरनं आत हाय. एकदाबी थांबला न्हाई. असा पोरगा मी वीस वर्षांत बघितला न्हाई."

"ते घरी झोपलेत."

"वैनी, मी सोता दार उघडलं त्याला."

ती टेबलाला वळसा घालून मागे गेली. वखारीत कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि बाहेर उसाच्या फडावर ऊन पडलेलं. बार मात्र स्टँडवर अजून डोलत होता. दोन्ही बाजूंना मिळून दीडशे किलो तरी असतील. तिने दांडीला हात लावला. इतका वेळ ती कोणाच्या तरी मुठीत होती, पण दांडी थंडगार होती.

३

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना स्टेजवरची चड्डी शिवायचं ठरलं. बाजारात मिळते ती मापाला बसत नाही, म्हणून सुदर्शनने निळं कापड आणून दिलं होतं. दुपारी केंद्रावरून सुटलो की दुकानात येतो, असं तो म्हणाला होता.

दुपारी बाराला वीज गेली. लोडशेडिंगचे ते दिवस, चारपर्यंत ती येणार नाही हे ठरलेलं. स्नेहल उंबऱ्याजवळच्या उजेडात हुक लावत बसली होती. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथे पडद्याआड बायका ब्लाउज घालून बघायच्या. त्या खोलीला मागच्या बोळात उघडणारं एक दारही होतं. पडदा हलल्यासारखा वाटला म्हणून तिने मान वळवली. फटीतून पाठ दिसली. उघडी, रुंद पाठ.

"आवाज न देता कधी आलात?" ती म्हणाली. "थांबा, आलेच."

ती टेप, खडू आणि निळं कापड घेऊन आत गेली. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात कापडाचे गठ्ठे दिसत होते आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. अंगाला तेलाचा वास येत होता. तिने कंबरेला टेप लावली. एकोणतीस. मांडीला लावली. अठ्ठावीस. इथे ती थबकली, कारण परवाच्या रविवारी मांडी सव्वीस भरली होती. मग छाती. दोन्ही हात पुढे नेऊन टेप जुळवताना तिचा गाल त्याच्या पाठीला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. पाठ गार होती. वखारीतल्या दांडीसारखी.

पन्नास.

एका हाताने टेप धरून तिने दुसऱ्याने निळ्या कापडावर आकडा लिहिला. "तुमाला थंडी वाजतीय का?"

तो बोलला नाही. टेप हलली नाही. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. माणूस किती वेळ श्वास धरू शकतो? वीस. चाळीस. साठ. ऐंशी.

"जरा वळा इकडं," ती म्हणाली.

मानेवरचे स्नायू हलले. डोकं वळू लागलं. सावकाश, त्या दिवशी खाटेवर दंड उठला होता तितकंच सावकाश.

"स्नेहल," रस्त्यावरून सुदर्शनची हाक आली. "गाडी पंक्चर झाली गं. येता-येता उशीर झाला. पानी... न्हाई, पानी नको. बसतो जरा."

ती पडद्यातून बाहेर कशी आली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. सुदर्शन पायरीवर बसला होता, घामाने भिजलेला, ओठ फुटलेले. तिने त्याचा हात घट्ट धरला. हात गरम होता. आतल्या खोलीत मागचं दार करकरलं आणि मग सगळं शांत झालं.

तिने तिथेच, रस्त्यावरच्या उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता त्याच्या छातीला टेप लावली. चव्वेचाळीस. गेल्या रविवारपेक्षा तीन इंच कमी. निळ्या कापडावर तिच्याच खडूने लिहिलेला आकडा होता पन्नास.

४

तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसेल, चिडेल, डोकं फिरलंय का म्हणेल, अशी तिची अपेक्षा होती. तो पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"गेल्या वर्षी तालुक्याला पहिला आलो ना," तो म्हणाला, "तवापासनं मला ते कळतं. बक्षीस घेतलं, खाली उतरलो, अंग ढिलं सोडलं. म्हनजे मी सोडलं, पन ते सुटलंच न्हाई. मला वाटलं, दमलोय म्हनून. मग केंद्रावर पोरं म्हनायला लागली, तुला आत्ताच जिममधे बघितलं. मी म्हनलो आसेल कोनी."

"अन् तरी सुया घेत राहिलात."

"वाढत व्हतं की. स्नेहल, आमच्या घरात कधी कोनी कशात पहिलं आलं न्हाई. लोकं मला नावानं वळखायला लागली." त्याने डोळे मिटले. "एवढी जुन्नरची स्पर्धा. मग सोडतो. आईची शपथ."

"शपथ नको. मी बरोबर येनार."

"बायका येत न्हाईत तिथं."

"मग एक तरी येईल."

त्याच संध्याकाळी ती शाहनवाजला भेटली. तो जुन्नरचा, जीप चालवायचा. पूर्वी सुदर्शनबरोबर व्यायाम करायचा आणि एका वर्षी लघवीतून रक्त आल्यावर त्याने सगळं सोडलं होतं. आता त्याचे खांदे उतरले होते, पोट सुटलं होतं आणि तो मजेत होता. स्नेहलने त्याला सगळं सांगितलं नाही. जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्याने मान हलवली, जणू बाकीचं त्याला विचारायचंच नव्हतं.

"भाभी, मी सोडलं तवा मला भित्रा म्हनले," तो म्हणाला. "म्हना म्हनलं. जुन्नरला ज्या शाळेत स्पर्धा हाय, तिच्या फाटकाला मी जीप लावून ठेवतो. इंजिन चालू ठेवतो. तुमी फक्त त्याला भाईर आना."

५

स्पर्धा जुन्नरच्या एका शाळेच्या मैदानावर होती. दुपारी चारला पहिली फेरी. मांडव, लाउडस्पीकर, शिवनेरीच्या अंगाने उतरणारं ऊन, खुर्च्यांवर आणि भिंतींवर चढलेली गर्दी. स्पर्धकांना एका वर्गात बसवलं होतं. दारावरच्या स्वयंसेवकाने तिला अडवलं.

"ताई, इथं बायकांना सोडत नाय."

"मी त्यांचे कपडे आनलेत."

"आज कपडे घालायचेच न्हाईत त्यांना."

"म्हनूनच आनलेत," स्नेहल म्हणाली आणि त्याचा हात बाजूला सारून आत गेली.

आत तेलाचा आणि रंगाचा उग्र वास होता. पंधरा-वीस पोरं अंगाला तेल चोळत होती, पण सगळी भिंतीच्या एका बाजूला दाटीवाटीने उभी होती. फळ्याजवळची अर्धी खोली त्यांनी मोकळी सोडली होती. कोणी तसं सांगितलं नव्हतं, तरी तिकडे कोणी जात नव्हतं.

फळ्याकडे तोंड करून तो उभा होता. पाठ अशी की पलीकडचा अर्धा फळा दिसत नव्हता. तिने सुदर्शनसाठी शिवलेली निळी चड्डी त्याच्या अंगावर होती आणि तिला सात नंबरचा बिल्ला लावलेला. धर्माजी त्याच्या पाठीला तेल लावत होता. त्याचा हात मधेच थांबला.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "याचं अंग गार का लागतंय?"

ती सुदर्शनला शोधत होती. तो कोपऱ्यातल्या पोरांच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसला होता. बाक पहिली-दुसरीच्या मुलांचा, तरी तो त्यात मावला होता. लग्नात मांडवात बसला होता तेवढाच दिसत होता तो, त्याहूनही थोडा कमी. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. बोटं वाकडी होऊन अडकलेली.

"उठा. घरी चला."

"नाव पुकारतील आत्ता," तो पुटपुटला. "पाचच मिनटं, स्नेहल. एवढं केलंय. पाच मिनटं."

"पुकारू द्या."

"मी गेलो तर..." त्याने फळ्याकडे बघितलं. "ते सगळं त्याच्याकडं ऱ्हाईल. सगळी मेहनत."

"राहू द्या. त्यालाच पायजे व्हतं ते."

फळ्याजवळची मान हलली. खोलीतल्या पोरांची कुजबुज एकदम बंद झाली. डोकं वळायला लागलं आणि स्नेहलला एक कान दिसला, गालाचं हाड दिसलं. त्यावर कातडी इतकी ताणलेली की खाली मांस आहे की आणखी काही, ते कळेना. तिला पळावंसं वाटलं. पाय तयारही झाले होते. पण दुकानात ती पळाली होती आणि तेवढं तिला पुरे झालं होतं. ती नवऱ्याच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली.

"तू अंग घेतलंस, ते ठेव," ती म्हणाली. "मी मागत न्हाई. पन ह्यो माझा माणूस हाय. ह्याच्यातलं आता एक सूतसुदिक मिळायचं न्हाई तुला."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "सात नंबर. मंचरचे सुदर्शन."

डोकं अर्ध्यावर थांबलं आणि परत पुढे झालं. तो दाराकडे निघाला. स्वयंसेवक बाजूला झाला. फरशीवर अनवाणी पावलं पडत होती, पण आवाज पोतं आपटावं तसा येत होता. सुदर्शन उठायला धडपडला, त्याच्या मागे एक पाऊल टाकलंही त्याने. स्नेहलने त्याच्या डोक्यातून सदरा घातला, लहान मुलाला घालतात तसा, आणि काखेत हात घालून त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं.

६

जीप नारायणगावच्या रस्त्याला लागली तरी मैदानावरच्या टाळ्या ऐकू येत होत्या. शिट्ट्या, आरोळ्या. मग सगळं मैदान एकाएकी गप्प झालं, एकदम, दोरी कापावी तसं. लाउडस्पीकरवर कोणी तरी म्हणत होतं, "सात नंबर, पोज झाली, खाली या. सात नंबर, खाली या." शाहनवाजने आरशात बघितलं नाही. त्याने गिअर बदलला.

सुदर्शनचं डोकं स्नेहलच्या मांडीवर होतं. ती चमच्याने त्याच्या ओठांवर पाणी सोडत होती आणि तो प्रत्येक थेंबाला नको म्हणत होता.

"गप प्या," ती म्हणाली.

नारायणगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ताबडतोब पुण्याला पाठवलं. मूत्रपिंडं थांबली होती आणि हृदय सुजलं होतं. आणि छाती, डॉक्टर म्हणाले, आतून रिकामी झाल्यासारखी वाटते, एवढ्या व्यायामाचा माणूस म्हणून सांगता तुम्ही, पण ही तर उपासमार झालेल्याची छाती आहे. अकरा वेळा त्याचं रक्त यंत्रातून धुतलं. बयाबाई रोज सकाळी फोनवर विचारायची, "वाढला का गं?" एकदा स्नेहलने सांगितलं, "न्हाई आई. वाचला." त्यानंतर बयाबाईने ते कधीच विचारलं नाही.

बाराव्या वेळेची गरज लागली नाही. पाच किलोच्या वर उचलायचं नाही, मीठ जपून, औषध जन्मभर, एवढ्या बोलीवर पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं.

७

पावसाळा संपल्यावर एका दुपारी धर्माजी अवसरीला आला. त्याच्या गळ्यातली साखळी दिसत नव्हती. हातात पितळी कप होता. तो अंगणातच थांबला.

"पहिला नंबर," तो म्हणाला. "द्यायचा राहिला व्हता."

"आम्ही नव्हतो तिथं," स्नेहल दारातूनच म्हणाली. "ज्याचा हाय त्याला द्या."

"वैनी, ऐका माझं." त्याने कप खाली ठेवला. "मी वखारीला कुलूप लावतो. सकाळी जातो तर तो आत असतो. बोलत न्हाई, खात न्हाई. नुसतं लोखंड. पोरं यायची बंद झाली. लोखंड संपलं, वैनी. जेवढं व्हतं तेवढं सगळं चढवलंय त्यानं बारवर. आता माझ्याकडं बघत उभा राहतो. सुई मागतो बहुतेक. सुदर्शनला म्हना, एकदा बोल त्याच्याशी. त्याचाच हाय ना तो. घरात घ्या त्याला."

"त्याला तुम्ही घडवलात. तुम्ही सांभाळा."

"मी त्याला आनलाय," धर्माजी म्हणाला.

तेव्हा तिचं लक्ष रस्त्याकडे गेलं. कुंपणापलीकडे धर्माजीची गाडी उभी होती आणि ती मागच्या एका बाजूला इतकी कलली होती की तिकडचं चाक मातीत रुतलं होतं. मागच्या काचेत खांदे दिसत होते. काच भरून फक्त खांदे, डोकं कुठेतरी वर, टपाला टेकलेलं.

स्नेहल अंगणात उतरली. धर्माजीला ओलांडून ती कुंपणाच्या फाटकापर्यंत गेली, कडी लावली आणि कंबरेवर हात ठेवून तिथे उभी राहिली. खांदे तिच्या बाजूला वळले. कातडी कुठेतरी उकलावी तसा बारीक आवाज काचेतून आला. ती जागची हलली नाही. तिने नजर काढली नाही.

"न्या त्याला," ती म्हणाली. "परत आनलात तर परत अशीच उभी राहीन. रोज आना. मी रोज उभी राहीन."

धर्माजी गाडीत बसला. दोनदा चाक फिरून घसरलं, मग गाडी निघाली आणि मंचरच्या वळणापर्यंत तशीच तिरकी होत गेली. कप अंगणात राहिला होता. तिने तो उचलून कुंपणापलीकडे ठेवला.

आत सुदर्शन ताटावर बसला होता. पातळ मनगटं, गळ्याची हाडं वर आलेली. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वर बघत नव्हता.

"स्नेहल," तो म्हणाला, "किती मोठा झालाय?"

त्याच्या आवाजात भीती होती, पण नुसती भीती नव्हती, हे तिला कळलं. तिने त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

"तुमी बघनार का उठून?"

त्याने खिडकीकडे मान केली. रस्त्यावर धूळ अजून बसली नव्हती. मग तो ताटासकट सरकला, खिडकीकडे पाठ करून बसला आणि त्याने भाकरी मोडली.